तळमजल्यावरच्या शैलाताई

बोरिवली पश्चिमेला आमची इमारत कुठली, असं रिक्षावाल्याला सांगायचं झालं तर लोक देवळाचं नाव सांगत, शाळेचं सांगत. काहीजण मात्र आवाज खाली आणून सांगत, "ते नाही का, त्या मानसशास्त्रवाल्या बाई बसतात, तिथे." आवाज खाली आणायची ही सवय शैलाताईंना अजिबात खपत नसे. एकदा गेटपाशी एक गृहस्थ वॉचमनच्या कानाशी लागून पत्ता विचारत होते, तर ह्या खिडकीतून ओरडल्या, "अहो, इकडे! मोठ्याने विचारा, चोरी करायला नाही आलात!"

शैला परुळेकर. धंद्याने मानसशास्त्रज्ञ. मुलांच्या शिकण्याच्या अडचणी तपासायच्या, त्यांच्या आईबापांना समजावायच्या आणि मोठ्या माणसांचं समुपदेशन. पदवी मोठी होती, पण दारावरच्या पाटीवर नुसतं नाव. मी त्यांच्याकडे रेमेडियल टीचर म्हणून लागले, म्हणजे ज्या मुलांना वाचणं, लिहिणं, गणित जड जातं त्यांना वेगळ्या पद्धतीने शिकवायचं काम. मुलाखतीला मी सर्टिफिकेटांची जाडजूड फाइल घेऊन गेले होते. त्यांनी ती उघडलीच नाही.

"मुलांवर राग कधी येतो तुला?"

"नाही येत," मी म्हटलं.

"मग तुझा उपयोग नाही. ज्याला येत नाही तो खोटं बोलतो नाहीतर झोपलेला असतो. खरं सांग."

मी सांगितलं, की काल येत होतं ते आज मूल विसरतं, तेव्हा येतो.

"हां. आता बोललीस. राग आला की काय करतेस?"

"पाणी पिऊन येते."

"सोमवारपासून ये. पाण्याचं पिंप तिकडे कोपऱ्यात आहे."

अशी ती मुलाखत.

दिसायला त्या उंच, आडव्या, खणखणीत. सुती साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. वडील लालबागला गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर कुटुंब दहिसरच्या चाळीत आलं. त्यामुळे बोलण्यात मुंबईचा फटकळपणा आणि रागावल्या की मालवणी. मला "काय गो अश्विनी" अशी हाक आली की समजायचं, आज काहीतरी चुकलंय. त्यांचा तो आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचा. आणि तीच बाई मुलाबरोबर खोलीत बसली की इतकं हळू बोलायची, की दाराला कान लावणाऱ्या आयांच्या हाती काही लागत नसे.

त्यांचे काही नियम होते. 'मठ्ठ', 'ढ', 'आळशी' हे शब्द चपलांबरोबर बाहेर ठेवायचे. चाचणीत वेळ मोजावा लागतो, पण घड्याळ दिसलं की पोरं गारठतात, म्हणून स्टॉपवॉच त्या पदराखाली धरून बसत. तपासणी झाली की निकाल आधी मुलाला सांगायचा, मग आईबापांना. ह्यावरून वडील मंडळी फार बिथरत.

"फी आम्ही भरतो मॅडम," एक जण म्हणाले.

"डोकं त्याचं आहे ना पण," शैलाताई म्हणाल्या, आणि त्या बापाला बाहेर बसवून नऊ-दहा वर्षांच्या पोराशी अर्धा तास बोलल्या. पोरगा बाहेर आला तो सरळ बापासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, मला सगळं कळतं. फक्त अक्षरं माझ्याशी नीट वागत नाहीत." त्या बापाने मग फीचं नाव काढलं नाही.

बुद्ध्यांक किती आला, हे विचारणारे तर रोज. फोनवर तर त्या आकडा कधीच सांगत नसत. "तो आकडा पोराचा नसतो हो," त्या म्हणत, "तो त्या सकाळचा असतो. त्या सकाळी तो काय खाऊन आला होता, रिक्षात त्याला कोण ओरडलं होतं, ते सगळं त्याच्यात आहे."

आमच्याकडे एक कॅरम होता. शैलाताई मुलांशी खेळत आणि मुद्दाम हरत नसत. मी एकदा म्हटलं, "हरा ना थोडं, खूश होईल बिचारा." तर म्हणाल्या, "पोरांना कळतं गो. फसवून जिंकवलेलं पोर परत खेळायला येत नाही." स्वतः जिंकल्या की मात्र टाळ्या पिटून आनंद करत. त्यांना हरवायचंच म्हणून वेळेच्या आधी येऊन बसणारी मुलं मी पाहिली आहेत.

लोक त्यांना नेहमी विचारत, ह्या कामाकडे कशा वळलात, घरात कोणाला काही त्रास होता का? त्या म्हणत, "दातांच्या डॉक्टरला विचारता का, तुमच्या घरात कोणाचे दात किडले होते?" एवढं बोलून विषय संपायचा. मलाही त्यापुढे कधी कळलं नाही.

तन्वीची गोष्ट मी तिला विचारून सांगते आहे. ती सातवीत असताना आमच्याकडे आली. कांदिवलीची एक मराठी शाळा, आणि शाळेने आईला सांगितलेलं, की ह्या वर्षानंतर हिला दुसरीकडे बघा. तन्वीला एक परिच्छेद वाचायला दिला तर घामाघूम व्हायची. पण गोष्ट तोंडी सांगायला लागली, की मी माझं काम सोडून ऐकत बसे. तपासणीत स्पष्ट दिसलं, की बुद्धी उत्तम आहे, वाचनाचा दोष आहे. तसा अहवाल शाळेला गेला. शाळेचं उत्तर आलं, की मुलीचं लक्ष नसतं आणि अहवाल हल्ली कोणीही करून आणतं.

शैलाताईंनी मुख्याध्यापिकांना फोन केला. भांडल्या नाहीत. "तुमच्या शिक्षकांसमोर मला थोडा वेळ बोलू द्या," एवढंच मागितलं. शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत आम्ही गेलो. सगळे घड्याळाकडे बघत बसलेले. शैलाताईंनी भाषण केलं नाही. प्रत्येकाच्या हातात एक झेरॉक्स दिली.

"मराठीच आहे. साधी घरातली मराठी. एकेकाने उभं राहून मोठ्याने वाचायचं."

कागदावर मोडी लिपी होती.

आधी हशा झाला. मग पहिल्या रांगेतल्या एका सरांना त्यांनी उभं केलं. तन्वीला मराठी शिकवणारे तेच, शाळेत सगळ्यांत जुने. सरांनी चष्मा सारखा केला, कागद जवळ घेतला, लांब धरला.

"वाचा ना सर."

"ही मोडी आहे, मॅडम."

"भाषा तुमचीच आहे. इतकी वर्षं शिकवता. नीट बघा. बघा ना नीट! लक्ष कुठंय तुमचं?"

सर कसनुसं हसले.

"पहिलं अक्षर तरी? मागच्या आठवड्यात सांगितलं होतं ना? घरी काही करता की नाही? शेजारच्या बाईंना येत असेल, बघा, त्या किती शांत बसल्यात. तुम्हालाच काय होतं?"

खोलीत आता कोणी हसत नव्हतं. सरांचे कान लाल झाले होते. शैलाताईंनी आवाज एकदम उतरवला. "बसा सर. माफ करा. तुम्हाला हे एकदाच ऐकावं लागलं. ती पोरगी रोज सहा तास ऐकते."

सरांनीच विचारलं, "मग आम्ही करायचं काय?"

"हा प्रश्न ऐकायलाच मी आले होते," शैलाताई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. त्या कागदात काय लिहिलंय, असं निघताना एका बाईंनी विचारलं. घावणे कसे करायचे ते लिहिलं होतं. ओळखीच्या एका अभ्यासकाकडून शैलाताईंनी ते मुद्दाम मोडीत लिहून घेतलं होतं.

तन्वी त्या शाळेतच राहिली. सर तिची तोंडी परीक्षा घेऊ लागले. पुढे दहावीला तिला रीतसर लेखनिक मिळाला. आज ती बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात लोकांना पायवाटांवरून फिरवते. पक्षी न दिसता नुसत्या आवाजावरून ओळखते आणि सांगायला लागली की लोक घरी जायचं विसरतात.

हिरामणदादांची गोष्ट तर ते स्वतःच मढमध्ये सगळ्यांना सांगतात, त्यामुळे ती सांगायला हरकत नाही. मढचे कोळी, घरची बोट, आयुष्य समुद्रात गेलेलं. एका वादळात बोट उलटली. बाकीचे वाचले, पण बरोबर असलेला त्यांचा मेहुणा सापडला नाही. त्यानंतर दादा बंदरावर जाईनात. लोकांना सांगत, गुडघा दुखतो. मुलगी नर्सिंग शिकत होती. तिला कळलं की दुखणं गुडघ्याचं नाही. ती त्यांना आमच्याकडे घेऊन आली.

दादा आले आणि भिंतीकडे बघत बसले. "कोली हाय मी," शेवटी म्हणाले. "दर्याला भ्यालेला कोली कुनी बघितलाय? कुनाला सांगू?"

"मला सांगितलंत ना. झालं की," शैलाताई म्हणाल्या.

काही भेटी खोलीत झाल्या. मग शैलाताईंनीच मढला जायला सुरुवात केली. दर बुधवारी दुपारी, मार्वेवरून, रिक्षाने. कधीकधी मीही जात असे. आधी दोघं बंदराच्या रस्त्यावर, जिथून पाणी दिसत नाही अशा ठिकाणी बसत. मग दिसेल असं. मग जेट्टीच्या तोंडाशी. काही आठवड्यांनी धक्क्याच्या टोकाला. बोलणं मेहुण्याबद्दल. तो कसा होता, गाणी कुठली म्हणायचा, जेवताना किती तिखट खायचा. दादा बोलता बोलता थांबले, की शैलाताईही थांबत. घाई नाही.

शेवटी बांधून ठेवलेल्या होडीत बसायचा दिवस आला. दादांनी एक पाय आत टाकला, पण दुसरा धक्क्यावरून उचलेना. शैलाताई म्हणाल्या, "मी बसते आधी," आणि साडी सावरत बसल्यासुद्धा. होडी हलकीशी डुलत होती. दादा मोठ्या धीराने येऊन समोर बसले. डोळे मिटलेले, कड गच्च धरलेली. मी आणि त्यांची मुलगी धक्क्यावरून बघत होतो. थोड्या वेळाने मला दिसलं, की घाम दादांना नाही, शैलाताईंना फुटलाय. त्यांचा चेहरा हिरवट पडला, आणि काही कळायच्या आत त्या होडीच्या कडेवर वाकून भडाभडा ओकल्या.

दादांनी डोळे उघडले. एका हाताने त्यांना धरलं, दुसऱ्या हाताने होडी सावरली, वल्ह्यावर पाय दिला, सगळं सवयीने. आणि हसायला लागले. त्या अपघातानंतर त्यांच्या मुलीने त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं. "मॅडम, तुमी माजी भीती घालवायला आल्या, नि तुमचीच बघा काय हालत झाली!"

"मेल्या, मला घरी ने आधी," शैलाताई म्हणाल्या. आमच्याकडे येणाऱ्या कोणाला त्यांच्या तोंडून 'मेल्या' निघालेलं मी तेवढंच ऐकलं.

दादा खोल समुद्रात पुन्हा गेले नाहीत. ते खोटं सांगणार नाही. पण खाडीत जाळं टाकायला जातात. परतीच्या रिक्षात मी शैलाताईंना विचारलं, "तुम्हाला बोट लागते हे माहीत नव्हतं?" डोळे मिटून म्हणाल्या, "माहीत होतं गो. पण त्याला सांगितलं असतं तर तो माझी काळजी करत बसला असता."

आता सोसायटीची ती मीटिंग. शैलाताईंबद्दल मला कोणी विचारलं, तर पहिली तीच सांगते.

आमची जागा तळमजल्यावरचा फ्लॅट होती. एके दिवशी आमच्याकडे येणारा एक तरुण मुलगा गेटपाशी मोठमोठ्याने रडायला लागला, हातपाय आपटू लागला. कोणाला इजा झाली नाही. पण वरच्या मजल्यांवरून लोकांनी बघितलं, आणि सोसायटीचे सेक्रेटरी दळवी ह्यांना निमित्त मिळालं. रविवारी सकाळी गच्चीवर सभा. विषय एकच, तळमजल्यावरचं केंद्र बंद करावं.

दळवी वाईट माणूस नव्हते. पाण्याची टाकी, लिफ्ट, गणपती, सगळं जीव लावून बघत. पण त्या दिवशी चढले होते. "ही राहती इमारत आहे," ते म्हणाले. "इथे लहान मुलं खेळतात. वेड्या लोकांची ये-जा आम्ही का सहन करायची? बाहेर आपल्या बिल्डिंगला लोक काय म्हणतात, ठाऊक आहे?"

बऱ्याच माना हलल्या. मी शैलाताईंच्या शेजारी बसले होते आणि त्या हलणाऱ्या माना एकेक करून बघत होते. भेटीच्या वेळा मीच ठरवून देत असे. त्या गच्चीवरच्या कितीतरी घरांतली माणसं मागच्या जिन्याने, दुपारी इमारत झोपलेली असताना आमच्याकडे येऊन गेली होती. माझ्या तोंडाशी शब्द आले. मी अर्धवट उठलेही. शैलाताईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की मी खाली बसले.

मग त्या उभ्या राहिल्या. रोजचा तो खणखणीत आवाज नव्हता, खोलीतला होता. गच्चीवर सगळ्यांना पुढे सरकावं लागलं.

"माझ्याकडे वेडे येत नाहीत. माणसं येतात. कोणाला झोप लागत नाही, कोणाला वाचता येत नाही, कोणाचं माणूस गेलंय. त्या दिवशी तो मुलगा रडला, कारण त्याला पहिल्यांदा रडता आलं. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफी मागते."

"पण येतं कोण कोण? सोसायटीला कळायला नको?" दळवी म्हणाले.

"ते मी सांगणार नाही. आज नाही, कधीच नाही."

"म्हणजे लपवण्यासारखं आहे."

"म्हणजे ते माझं नाही. ज्यांचं आहे त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिलंय. तुम्ही मत घ्या दळवी साहेब. जा म्हणालात तर जाईन. पण हे घेऊन जाईन, इथे सांडून नाही जाणार."

आणि बसल्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर सभा तिथेच फिरली असती. ते वाक्य त्यांच्याकडे होतं. त्या बोलल्या नाहीत. आयुष्यात मला कोणाचा इतका अभिमान वाटला नाही, जितका त्या गप्प बसलेल्या बाईचा त्या क्षणी वाटला.

दळवींनी हात वर करायला सांगितले. हात वर जायला लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "मी जाते."

दळवी वहिनी होत्या. सेक्रेटरींच्या पत्नी. सगळ्यांना वाटलं, त्या खाली घरी जाते म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून ओढून घेतला. "मी त्यांच्याकडे जाते. आई गेल्यापासून. मला जिना उतरवत नव्हता, श्वास अडकायचा. हे ऑफिसला गेले की जायचे. ह्यांना मी सांगितलं नव्हतं." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "वेडी म्हणायचं असेल तर मला म्हणा."

दळवींच्या हातातला माइक तसाच राहिला. वर गेलेले हात हळूहळू खाली आले. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त उपाध्ये काका खाकरले आणि म्हणाले, "मीही जात होतो. आता झोप लागते." कोपऱ्यातला एक कॉलेजचा मुलगा नुसताच उभा राहिला. पुढे मत घ्यायचं कोणाला सुचलं नाही. तो ठराव पुन्हा कधी निघाला नाही.

खाली आल्यावर मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. "शैलाताई, जिंकलो!"

त्या खुर्चीत बसल्या होत्या. डोळे भरलेले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "काय जिंकलो गो?" त्या म्हणाल्या. "तिला हे सांगायचं होतं, पण तिच्या वेळेला, तिच्या घरात, नवऱ्याशेजारी बसून. आम्ही तयारी करत होतो. माझ्या जागेपायी तिला ते गच्चीवर सांगावं लागलं." आणि रोज जेवणाला घरून आणायच्या ती सोलकढीची बाटलीही त्या दिवशी त्यांनी उघडली नाही. त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट.

काही आठवडे दळवी आमच्या दारावरून मान खाली घालून जात. मग एका संध्याकाळी दोघंही आले. दळवी उंबऱ्याबाहेर उभे. "आम्ही दोघं एकत्र आलो तर चालतं का?" त्यांनी विचारलं. एरवी लिफ्टवरून अख्ख्या सोसायटीवर ओरडणारा माणूस.

"चालतं का काय! या," शैलाताई म्हणाल्या. मी दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

वय झाल्यावर त्यांनी काम थांबवायचं ठरवलं आणि मालवणजवळ, भावाच्या घरी राहायला जायचं ठरलं. केंद्र आता मी आणि एक तरुण मानसशास्त्रज्ञ चालवतो. निरोप समारंभ नको म्हणाल्या. "माणूस घरी चाललंय, त्याला हार कसले घालता?" पुढच्याच वर्षी तिकडे त्या वारल्या. झोपेतच, असं भाच्याने कळवलं. इमारतीतल्या पुष्कळ घरांत त्या दिवशी दारं लावून माणसं रडली, आणि दळवींनी गच्चीवर शोकसभा ठेवली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या सकाळी. भाच्याची जुनी गाडी गेटात उभी, मागे सामान. शैलाताई पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि भाचा डिकी बांधत होता. त्याच वेळी एक आई मुलीला तपासणीसाठी घेऊन आली. मुलगी सहा-सात वर्षांची. तिने गेटची सळई दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. आई ओढतेय, ती रडतेय, "मी नाही जाणार, मला काही येत नाही, मला काही येत नाही." मी पुढे झाले, तर तिने माझ्याकडे पाठ केली.

"ए पोरी," गाडीतून हाक आली. "इकडे ये जरा. हे दार माझ्याच्याने लागत नाही. म्हातारी झाले ना. तू लावतेस?"

मुलीने रडं थांबवून बघितलं. आईकडे, मग गाडीकडे. सळई सोडली. गाडीपाशी आली आणि दार एका हाताने ढकललं. ते अर्धवटच लागलं.

"नाही लागलं. पुन्हा. अंग लावून."

मुलीने पाय रोवले, दोन्ही तळवे टेकवले आणि सगळा जीव एकवटून ढकललं. धाडकन दार लागलं. सगळी गाडी हलली. काचेआड शैलाताईंनी भुवया उंच केल्या, जणू असं दार लावणारं कोणी जन्मात पाहिलं नव्हतं. मग माझ्याकडे बघून त्यांनी हनुवटीने दाखवलं, आत.

गाडी वळणाआड गेली. मुलगी आपले तळवे उलटसुलट करून बघत होती. मग तिने एक तळवा माझ्या हातात दिला.

"आत पण दारं आहेत?" तिने विचारलं.

"आहेत की," मी म्हटलं. आणि आम्ही दोघी आत गेलो.